आज्ञाधारक : लॅटिन भाषेतील आज्ञापालनाच्या शब्दांविषयी

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून तुमच्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. लॅटिन भाषा आपल्यापैकी कोणाच्याही घरात बोलली जात नाही. जिथे ती एके काळी बोलली जात असे त्या रोम शहरातही आज ती कोणाची घरची भाषा राहिलेली नाही. मग तिच्यातील चार-सहा शब्दांसाठी एक संध्याकाळ का खर्च करावी? याला कारण एक अर्ज आहे. तो अर्ज मी प्रथम तुमच्यापुढे ठेवतो.

मागील वर्षी एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाचे शिक्षण पुरे झाले होते. शुल्कमाफीस तो पात्र होता. तरीही शुल्काची बाकी दाखवून त्याच्या शिक्षणसंस्थेने त्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली होती. मुलाने स्वतःच अर्ज लिहून आणला होता. अक्षर वळणदार, मजकूर मुद्देसूद, शासननिर्णयाचा हवालासुद्धा बिनचूक. शेवटी मात्र त्याने लिहिले होते, ‘आपला आज्ञाधारक सेवक’. मी विचारले, “हे कशाला रे बाबा?” तो म्हणाला, “अर्ज असाच संपवतात ना, सर?” त्याचे वडील मध्येच म्हणाले, “राहू द्या वकीलसाहेब. त्या दोन शब्दांनी आपले काय जाते? नसले तर मात्र वरच्यांना खटकेल.” मागणी हक्काची आणि सही ताबेदाराची, असा तो कागद माझ्या मेजावर पडला होता. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन.

अर्जाचा हा शेवट आपल्याकडे इंग्रजी कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारातून आला. इंग्रज अधिकारी पत्राच्या खाली स्वतःला ‘ओबीडिअंट सर्व्हंट’ म्हणवून घेत असे, आणि तेही वरिष्ठालाच लिहिताना नव्हे, तर ज्याला तो आज्ञा करीत होता त्यालाही लिहिताना. त्याच्या लेखी ती केवळ रीत होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या लेखी ती वस्तुस्थिती होती. हे दोन्ही इंग्रजी शब्द मुळात लॅटिन आहेत. विधि महाविद्यालयात रोमन कायदा अभ्यासताना माझी त्यांच्याशी ओळख झाली आणि एक गोष्ट ध्यानात आली. ‘आज्ञापालन’ या एका शब्दात आपण जे भरतो त्यासाठी रोमन माणूस निदान सहा निरनिराळे शब्द वापरीत असे. कोणी कोणाचे, कोणत्या नात्याने आणि किती मनाने मानावे यावर शब्द बदलत असे. माणसाने आज्ञा पाळावी की न पाळावी, असा मोघम प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. आपल्याकडून यांपैकी नेमके काय मागितले जात आहे, हे आधी पाहावे लागते.

सर्वांत ओळखीचा शब्द ओबोएदीरे. इंग्रजी ‘ओबे’ त्याच्यापासूनच निघाला. त्याची फोड सोपी आहे : ‘ओब’ म्हणजे कडे, समोर, आणि ‘औदीरे’ म्हणजे ऐकणे. जो कान देतो तो आज्ञाधारक. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. “पोर माझे ऐकत नाही” असे आई म्हणते तेव्हा ती पोराच्या कानाची तक्रार करीत नसते. ऐकणे आणि मानणे यांची गाठ दोन दूरच्या भाषांनी सारखीच मारली आहे. त्यात मुळात वाईट काही नाही. कान आणि हात यांच्या मध्ये डोके असते. ऐकल्यावर विचार करायला सवड असते.

मात्र ही गाठ किती आवळता येते याचे उदाहरण रोमपेक्षा आपल्याला अधिक जवळचे आहे. संस्कृतातील ‘श्रु’ या धातूपासून ‘शुश्रूषा’ हा शब्द झाला. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. पुढे त्याचा अर्थ सेवा असा झाला, आणि आज आपण तो रुग्णापुरता वापरतो. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात शूद्राला एकच कर्म नेमून दिले आहे : वरच्या तीन वर्णांची शुश्रूषा, आणि तीही मनात असूया न धरता. ऐकण्याची इच्छा हा खरे म्हणजे विद्यार्थ्याला शोभणारा शब्द. ज्यांना वेद ऐकण्याची बंदी होती त्यांच्याच गळ्यात तो चाकरी म्हणून बांधला गेला. हाच धातू पालीतही आहे. ‘सावक’ म्हणजे ऐकणारा, अर्थात बुद्धाचा शिष्य. परंतु केसपुत्त येथील कालामांना भगवंतांनी ज्या आधारांवर विसंबू नका म्हणून सांगितले त्यांत पहिलाच आधार ‘अनुस्सव’, म्हणजे ऐकीव परंपरा हा आहे. ऐकणाऱ्यालाच सांगितले की केवळ ऐकले म्हणून धरू नकोस. एवढे बोलून मी पुन्हा रोमकडे वळतो.

ओबोएदीरे या शब्दाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती ख्रिस्ती मठांत. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिचा पहिलाच शब्द ‘ऐक’ असा अर्थ देणारा आहे, आणि विलंब न लावता आज्ञा मानणे ही तिने नम्रतेची पहिली पायरी ठरविली आहे. पण तिथे निदान मनुष्य आपण होऊन व्रत घेतो.

ऐकण्यावरूनच लॅटिनमध्ये दुसरा एक वाक्प्रचार आहे : दिक्तो औदिएन्स, म्हणजे शब्द कानी पडताच करणारा. यात विचाराला सवड नाही. तो शिपायासाठी आणि गुलामासाठी. इ. स. पूर्व 58 मध्ये सीझरचे सैन्य व्हेसॉन्तियो येथे, म्हणजे आजच्या फ्रान्समधील बझाँसाँ येथे, तळ देऊन होते. समोर जर्मन राजा आरिओव्हिस्तस होता. त्याच्या सैनिकांच्या धिप्पाडपणाच्या गोष्टी ऐकून छावणीत भीती पसरली, आणि निशाणे उचलण्याचा हुकूम झाला तर शिपाई दिक्तो औदिएन्स राहणार नाहीत अशी कुजबुज सुरू झाली. हा वृत्तान्त सीझरने स्वतः लिहून ठेवला आहे. त्याने शतकनायकांना जमवून आधी त्यांची कानउघाडणी केली : आपल्याला कोठे नेत आहेत आणि का नेत आहेत हे विचारणे तुमचे काम असे तुम्ही समजताच कसे? आणि ही कानउघाडणी करून झाल्यावर कोठे नेत आहोत आणि का नेत आहोत हे त्याने त्यांना सविस्तर समजावून सांगितले! कोणी आले नाही तर एकट्या दहाव्या पलटणीसह निघेन, असेही म्हणाला. ज्या आज्ञेला कारण द्यावे लागू नये असा आग्रह असतो, ती वठवण्यासाठीही अखेर कारणे द्यावी लागली.

तिसरा शब्द पारेरे. हा सरकारी शब्द आहे. प्रांत रोमला पारेरे करतात, हाताखालचे लोक वरच्याला पारेरे करतात. याचा जुना अर्थ दिसणे, डोळ्यांसमोर असणे. बोलावले की हजर, तो ताबेदार. न्यायाधिकाऱ्यापुढे चालणारे दंडधारी, निरोपे, पुकारा करणारे आणि कारकून या सर्वांना मिळून ‘अपारितोरेस’, म्हणजे हजर राहणारे, असे नाव होते. कवी होरेस हा एका मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा. त्याने खजिन्यातील कारकुनाची जी जागा मिळविली ती याच वर्गातील. आपल्या कोर्टात शिपाई पुकारतो आणि पक्षकार ‘हजर’ म्हणतो, तेव्हा मला हा शब्द आठवतो. गंमत अशी की रोमन न्यायसूत्रातही तो आहे. न्यायाधीशाला लिहून दिलेल्या सूत्रात ‘सि पारेत’ असे शब्द असत : अमुक गोष्ट दिसून आली तर दोषी ठरव, दिसून न आली तर सोड. ज्या शब्दाने माणसाला धन्यासमोर हजर केले त्याच शब्दाने पुराव्यालाही न्यायाधीशासमोर हजर केले. पारेरे करणाऱ्याच्या मनात काय आहे याची चौकशी कोणी करीत नाही. तो दिसला म्हणजे झाले.

चौथा शब्द मला व्यक्तिशः आवडतो : ओब्तेम्पेरारे. ‘तेम्पेरारे’ म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणे, आवर घालणे. द्राक्षासवात पाणी घालून ते बेताचे करण्यालाही हेच क्रियापद आहे. ओब्तेम्पेरारे म्हणजे समोरच्याच्या सांगण्याशी आपले वागणे मापाने जुळविणे. यात माप आपल्या हातात असते. कायदा, सिनेटचा ठराव, शहाण्याचा सल्ला यांच्याविषयी हा शब्द वापरीत. सिसेरोने ‘कायद्यांविषयी’ या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात नेमका हाच शब्द घेऊन एक प्रश्न केला आहे. लिहिलेल्या कायद्यांशी जुळवून घेणे एवढाच जर न्यायाचा अर्थ असेल, तर जुलमी लोकांनी केलेले कायदेही न्याय्य म्हणावे लागतील. अथेन्सवर तीस जुलमी पुरुषांचे राज्य आले होते. त्यांनी कायदे केले असते आणि अथेन्सच्या लोकांना ते आवडलेही असते, तर ते न्याय्य झाले असते काय? दूर कशाला, सुल्लाच्या वेळी रोममध्येच कायदा झाला की हुकूमशहाने वाटेल त्या नागरिकाला चौकशीवाचून ठार करावे. तो कायदाही लिहिलेला होताच. सिसेरो स्वतः गुलाम बाळगणारा मनुष्य होता आणि त्याचा प्रश्न त्याने आपल्या घरापर्यंत नेला नाही. परंतु प्रश्न विचारणाराच्या दारात थांबला म्हणून तो आपण तिथेच सोडून यावा असे नाही.

हे माप घरात कसे लावावे, याची चर्चा दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियस या लेखकाने केली आहे. बापाचे सर्वच ऐकावे काय, असा त्याचा प्रश्न. रोमन बापाला मुलाच्या जीवितावरही कायद्याने अधिकार होता, म्हणून तिथे हा प्रश्न शाळेतल्या वादविवादाचा नव्हता. गेलियस तीन मते देतो. एक मत, सर्व ऐकावे. दुसरे, काही ऐकावे, काही ऐकू नये. तिसरे मत मोठे चतुर आहे : बापाने योग्य गोष्ट सांगितली तर ती योग्य म्हणून करावी, बापाने सांगितली म्हणून नव्हे, अयोग्य सांगितली तर करूच नये, म्हणजे बापाचे ऐकण्याचा प्रसंग कधी येतच नाही. गेलियस हे तिसरे मत पोकळ ठरवितो. काही गोष्टी स्वतः बऱ्याही नसतात आणि वाईटही नसतात : सैन्यात जाणे, शेती करणे, लग्न करणे. तिथे बापाचे ऐकावे. परंतु लग्न कर म्हणताना त्याने दुर्लौकिकाच्या स्त्रीशी कर म्हटले, किंवा खटला चालव म्हणताना कॅटिलाइनसारख्याची बाजू मांड म्हटले, तर ऐकू नये. हे शेवटचे उदाहरण आजच्या वकिलाला पटणार नाही. आपल्या संविधानाच्या 22 व्या अनुच्छेदाने अटकेतील माणसाला आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क दिला आहे, आणि तो कॅटिलाइनलाही लागू पडला असता. पण गेलियसची रीत पाहण्यासारखी आहे. आज्ञा करणारा कोण एवढेच पाहून तो थांबत नाही. आज्ञा कशाची आहे हेही पाहतो.

आता ज्या शब्दासाठी मी हे सर्व मांडले तो शब्द : ओब्सेक्वियुम. ‘सेक्वी’ म्हणजे मागे चालणे. ओब्सेक्वियुम म्हणजे समोरच्याच्या मर्जीमागे चालणे. यात हुकूम लागतच नाही; धन्याच्या मनात काय आहे ते ओळखून त्याप्रमाणे वागायचे असते. इंग्रजीत याचा ‘ऑब्सीक्विअस’ झाला. त्याचा जुना अर्थ कर्तव्यतत्पर; आज तो हांजी हांजी करणाऱ्याला लावतात. शब्दाची घसरण आपोआप होत नाही. तो ज्यांच्यावर लादला जातो त्यांच्या अनुभवाने तो झिजतो.

गेलियसनेच सांगितलेली एक हकीकत ऐका. इ. स. पूर्व 131 चा कॉन्सल पब्लियस क्रॅसस मुकियानस आशियात ल्यूकी नावाच्या शहराला वेढा घालून बसला होता. तट फोडण्याच्या यंत्रासाठी त्याला मोठी तुळई हवी होती. एका मित्रनगरात त्याने दोन डोलकाठ्या पाहिल्या होत्या. तेथील मुख्य बांधकामगाराला त्याने लिहिले की त्यांतील मोठी पाठव. त्या जाणत्या माणसाने काम कशाचे आहे ते विचारात घेतले आणि लहान काठी पाठविली. ती त्या कामाला अधिक योग्य होती आणि वाहून न्यायलाही सोपी. क्रॅससने त्याला बोलावून घेतले, कारण विचारले, त्याने दिलेली कारणे झिडकारली आणि त्याचे कपडे उतरवून त्याला छड्यांनी झोडपले. क्रॅससचे म्हणणे असे की हुकमाला ओब्सेक्वियुमने उत्तर न देता न मागितलेल्या सल्ल्याने उत्तर दिले, तर हुकूम करणाऱ्याचा अधिकारच विरघळून जाईल. या क्रॅससविषयी गेलियस सांगतो की तो अतिशय श्रीमंत, कुलीन आणि वक्ता होता, मुख्य धर्माधिकारी होता, आणि कायद्याचा सर्वांत मोठा जाणकार होता. माझ्या धंद्याचा इतका थोर पूर्वज! तुळई बरोबर होती की चूक, हा प्रश्न त्याने विचारात घेतलाच नाही. कामाची खरी जाण कामगाराला होती. मागितली होती ती जाण नव्हे, मर्जी.

हा शब्द कायद्यात कुठे बसला ते पाहा. रोममध्ये गुलामाला मुक्त करता येत असे. रीतसर मुक्ती मिळाली की नागरिक धन्याचा गुलाम स्वतःही नागरिक होई. त्याला मत देता येई, मालमत्ता करता येई. मात्र नाव धन्याचेच लागे. सिसेरोने इ. स. पूर्व 53 मध्ये आपल्या तिरो नावाच्या लेखनिकाला मुक्त केले, तो मार्कुस तुल्लियुस तिरो झाला. मार्कुस तुल्लियुस ही धन्याची नावे. आणि जुना धनी आता ‘पात्रोनुस’, म्हणजे आश्रयदाता, ठरला. मुक्त माणसाने शपथेवर कबूल केलेले श्रमाचे दिवस त्याला द्यायचे, आणि त्याशिवाय आयुष्यभर ओब्सेक्वियुम द्यायचे. सम्राट जस्टिनियनने 533 मध्ये जारी केलेल्या ‘डायजेस्ट’ या कायदेसंग्रहाच्या 37 व्या भागात आईबाप आणि आश्रयदाते यांना द्यावयाच्या ओब्सेक्वियुमवर स्वतंत्र प्रकरणच आहे. सेर्वीरे म्हणजे गुलामी करणे. ते क्रियापद मुक्तीच्या दिवशी संपले. दुसऱ्या दिवशी त्याच दारात तोच मनुष्य उभा राहिला, आणि त्याच्या उभे राहण्याला ओब्सेक्वियुम हे नवे नाव मिळाले.

याचा व्यवहारातला अर्थ कायदेपंडित गायसने नोंदवून ठेवला आहे. प्रेटर या न्यायाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून मुक्त माणसाने आश्रयदात्याला न्यायालयात खेचले तर 10,000 सेस्टर्स दंड. म्हणजे दार बंद नव्हते. किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती होती. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा उल्पियन तर आणखी पुढे जातो. तो म्हणतो, जबर इजा झाली असेल तर मुक्त माणसाची दाद प्रेटरने ऐकावी. परंतु काल गुलाम असलेला आणि आज स्वतंत्र झालेला मनुष्य जर तक्रार करू लागला की धन्याने मला शिवी दिली, हलकेसे मारले, वळण लावले, तर ती तक्रार प्रेटरने सहन करू नये.

काल आणि आज या दोन शब्दांवर जरा थांबा. उल्पियन त्या माणसाचे स्वातंत्र्य नाकारीत नाही. ते कागदावर पक्के आहे. तो एवढेच म्हणतो की आम्हाला तुझा काल ठाऊक आहे. ही भाषा ओळखायला तुम्हाला लॅटिन येण्याची गरज नाही.

उपकाराची आठवण करून देण्याची रीतही तेव्हाची आहे. टेरेन्स हा नाटककार परंपरेप्रमाणे स्वतःच आफ्रिकेतून आणलेला आणि पुढे मुक्त झालेला गुलाम. त्याचे ‘आन्द्रिया’ हे नाटक इ. स. पूर्व 166 मध्ये रंगभूमीवर आले. पहिल्याच प्रवेशात सिमो हा गृहस्थ आपल्या मुक्त केलेल्या सोसियाला आठवण देतो की मी तुला गुलामाचा मोकळा मनुष्य केले. सोसिया नम्रपणे पण स्पष्ट सांगतो की मी ते विसरलेलो नाही. तुम्ही असे बोलून दाखविता तेव्हा मात्र ते मला कृतघ्न म्हटल्यासारखे वाटते. पुढे हाच सोसिया मर्जी राखल्याने स्नेह मिळतो आणि खरे बोलल्याने वैर, अशा अर्थाचे उद्गार काढतो, आणि त्याच्या तोंडी शब्द आहे तो ओब्सेक्वियुमच. सिसेरोने मैत्रीवरील ग्रंथात या उद्गाराला हरकत घेतली आहे. मला वाटते सिसेरोला हरकत घेणे परवडत होते. सोसिया आपल्या अनुभवाचे बोलत होता.

इ. स. 56 मध्ये, नीरोच्या कारकिर्दीत, सिनेटपुढे हा विषय आला. मुक्त लोक माजले आहेत, आश्रयदात्यांना बरोबरीने वागवितात; अपराध्याचे स्वातंत्र्य परत काढून घेण्याचा हक्क आम्हाला द्या, अशी काहींची मागणी होती. दुसरी बाजू म्हणाली की थोड्यांच्या अपराधासाठी सर्वांचा हक्क बुडवू नये. शिवाय त्यांनी एक अडचणीची गोष्ट सांगितली : बहुतेक सरदारांची आणि पुष्कळ सिनेटरांची कुळे मुक्त गुलामांपासूनच निघाली आहेत. हा वृत्तान्त टॅसिटसने दिला आहे. निर्णय असा झाला की एकेका तक्रारीचा स्वतंत्र विचार करावा. सरसकट हक्क काढू नये. पण तो तेवढ्यावर टिकला नाही. कृतघ्न ठरलेल्या मुक्ताला पुन्हा गुलाम करता येते, असे जस्टिनियनच्या कायद्यात लिहिलेले आढळते. हाच टॅसिटस आपला सासरा अग्रिकोला याच्या चरित्रात म्हणतो की वाईट सम्राटाच्या राज्यातही ओब्सेक्वियुम आणि संयम राखून माणसाला थोर कार्य करता येते. विचार करण्याजोगे मत आहे. पण ते एका सेनापतीविषयी आहे, आणि सेनापतीला मर्जी राखणे हे धोरण म्हणून निवडता येते.

भगिनींनो, हाच शब्द रोमन पत्नीच्याही वाट्याला आला होता. नवऱ्याच्या कलाने घेणाऱ्या स्त्रीला ‘मोरिगेरा’ म्हणत, आणि थडग्यांवर तिच्या ओब्सेक्वियुमची स्तुती कोरीत. रोममध्ये इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरचा एक मोठा शिलालेख सापडला आहे. नवऱ्याने मृत पत्नीविषयी लिहिलेला. शिला फुटली आहे आणि तिचे नाव उरलेले नाही. तिच्या घरगुती गुणांत तो ओब्सेक्वियुम मोजतो, सूतकताईही मोजतो. आणि मग सांगतो की यादवीत आपण परागंदा असताना, ऑक्टेव्हियनने परत येण्याची परवानगी दिल्यावर, ही बाई सत्ताधारी लेपिडसकडे गेली. तिने त्याचे पाय धरले. त्याने तिला उठविले नाही, गुलामासारखे फरफटवले. अंग काळेनिळे झाले असताना ती त्या आज्ञापत्राची त्याला खणखणीतपणे आठवण देत राहिली. नवऱ्याने तिच्या वर्तनाला जो शब्द लावला तो तिच्या मापाचा नव्हता, असे मला वाटते.

कायद्याकडे शेवटचे एकदा पाहतो. डायजेस्टच्या 50 व्या भागात नियमांचे एक प्रकरण आहे. त्यातील एक नियम असा की जो बापाच्या किंवा धन्याच्या हुकमामागे चालतो त्याची स्वतःची इच्छा होती असे धरू नये. दुसरा असा की नुकसान करण्याचा हुकूम देणारा दोषी. ज्याला पारेरे करणे भागच होते त्याच्याकडे दोष नाही. हे दोन्ही नियम ताबेदाराला सवलत देतात असे दिसते. पण सवलतीची किंमत पाहा : तुला मन नाही असे आम्ही धरतो, म्हणून तुला सोडतो. तिसरा नियम मात्र निराळा आहे. धन्याचे ऐकून गुलामाने काही केले तर त्याला क्षमा करावी, मात्र ते कृत्य घोर गुन्ह्याचे नसावे. म्हणजे ज्याला मन नाही असे धरले होते त्याच गुलामाने घोर प्रसंगी नकार द्यावा अशी अपेक्षा! मन नव्हते तर नकार कोठून यावा? रोमन कायद्याने या प्रश्नाला उत्तर दिले नाही. 1945 मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणासाठी जी सनद झाली तिने वरिष्ठाचा हुकूम होता हा बचाव नाकारला. शिक्षा सौम्य करण्यापुरताच तो विचारात घेता येईल असे ठरविले. आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेत एक उदाहरण होते, ते 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 14 व्या कलमातही कायम आहे. वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी झाडणारा शिपाई अपराधी नाही. पण केव्हा, तर तो हुकूम कायद्याच्या आज्ञेला अनुसरून असेल तेव्हा. शिपायाने तेवढे पाहायचे आहे. म्हणजे त्याच्याकडेही माप दिले आहे.

आता तो अर्ज. मी त्या मुलाला यातले काहीच सांगितले नाही. एवढेच विचारले की ही प्रमाणपत्रे कोणाची? तो म्हणाला, “माझी.” मग अर्जावर सही कोणाची हवी? त्याने शासननिर्णय पुन्हा वाचला आणि म्हणाला, “अर्जदाराची.” खाडाखोड नको म्हणून त्याने कोरा कागद मागून घेतला आणि सारा मजकूर पुन्हा लिहून काढला. शेवटी ‘अर्जदार’ लिहून खाली पूर्ण नाव घातले. वडील खिडकीबाहेर पाहत होते. काही बोलले नाहीत. अर्जाची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. दोन स्मरणपत्रे पाठवावी लागली. दुसऱ्याच्या वेळी मुलगा परगावी होता, म्हणून वडीलच आले. स्मरणपत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, सही केली, आणि सहीखाली काय घालावे हे मला न विचारता ‘अर्जदाराचा पालक’ असे घातले.